पंडिता रमाबाई पुण्यास आल्या त्याची आठवण

भगिनींनो, ठरल्या दिवशी घरचे आवरून आपण मंडळात जमतो, यात आज कुणाला नवल वाटत नाही. पण ही वाट कुणीतरी आधी तुडवलेली आहे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, त्याची आठवण वर्धापनदिनी करावी असे वाटले.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, पश्चिम घाटातील गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. पुढे त्याच माउलीने, लक्ष्मीबाईंनी, पहाटे उठून लेकीला शिकवले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी फिरे. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व थोरली बहीण गेली. राहिली दोघे भावंडे. ती चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

पण सुख थोडेच दिवस टिकले. १८८० साली भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. वय अवघे तेविसाचे. अशा वेळी आपल्यातल्या कितीजणी कोपरा धरून बसल्या असत्या! रमाबाई कडेवर लेक घेऊन पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. बालविवाह थांबावेत, मुलींनी शिकावे, हा त्याचा हेतू. सोलापूर, नगर, ठाणे येथेही त्याच्या शाखा निघाल्या.

रमाबाई रानड्यांसारख्या बायका सभेला जात, आणि घरी वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खात. बोलणाऱ्याही बायकाच होत्या, हे विसरू नये. त्याच वर्षी सरकारचे हंटर कमिशन आले. त्याच्यापुढे रमाबाईंनी मराठीत साक्ष दिली, की मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हव्यात आणि दुखण्याखुपण्याला स्त्री डॉक्टर हव्यात. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायला लाजणाऱ्या बायकांचे दुःख तिथे एका बाईने मांडले.

पुण्यातला तो मुक्काम जेमतेम वर्षाचा. डॉक्टरी शिकण्यासाठी १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे मराठी पुस्तक विकून आलेला पैसा वाटखर्चाला कामी आला. कानांनी नीट ऐकू येईना म्हणून डॉक्टरी राहिली. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. त्याने येथली मने फार दुखावली. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी त्यांनी शारदासदन काढले, १८९० साली ते पुण्यास आणले. पुढे सदनात धर्मांतरे होतात असा गवगवा होऊन १८९३ साली बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

धर्माविषयी ज्याचे त्याचे मत असो. पण शारदासदनात पहिल्या आलेल्या मुलींत गोदूबाई होत्या. त्यांच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला, आणि त्याच पुढे आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे झाल्या. हिंगण्याच्या आश्रमासाठी बाया दारोदार वर्गणी मागत फिरल्या. एका ठिकाणी लावलेला दिवा असा दुसऱ्या घरी उजेड देतो. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातल्या शेकडो मुलीबाळींना रमाबाईंनी आसरा दिला. १९२१ साली मनोरमा गेली आणि १९२२ च्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या.

रमाबाईंच्या सगळ्याच गोष्टी आपल्याला पटतील असे नाही. तरी आपल्या शेजारी एखादी सून सभेला निघाली, शिकायला निघाली, तर तिला बोल लावणाऱ्यांत आपण नसावे. तिचे मूल दोन तास सांभाळावे. रमाबाईंची पुण्यतिथी याहून चांगली कशी करणार?