विश्लेषण : कोकेनने पकडले, मॉर्फिनने सोडले नाही... डॉ. हॉल्स्टेड यांच्या मेंदूत काय घडले?

शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे वापरण्याची प्रथा रुजवणारे अमेरिकी शल्यचिकित्सक डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड (१८५२-१९२२) हे शिस्तीसाठी आणि संथ, काटेकोर शस्त्रक्रियेसाठी ओळखले जात. त्याच काळात ते रोज मॉर्फिन घेत होते. इतका संयमी माणूस व्यसनातून बाहेर का पडू शकला नाही?

कोकेनशी गाठ कशी पडली?

१८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर होतो, हे दाखवून दिले. न्यूयॉर्कमध्ये हॉल्स्टेड यांनी लगेच नसेजवळ कोकेन टोचून शरीराचा ठरावीक भाग बधिर करण्याचे प्रयोग सुरू केले. सुई ते स्वत:ला आणि सहकाऱ्यांना टोचत. दात काढण्यापूर्वी आज जबडा बधिर करतात, त्याची मुळे या प्रयोगांत आहेत. पण काही महिन्यांतच ते व्यसनी झाले. सप्टेंबर १८८५ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या लेखाचे पहिलेच वाक्य इतके भरकटलेले आहे, की तो कोणत्या अवस्थेत लिहिला गेला हे सांगावे लागत नाही.

मेंदूत काय बिघडते?

चेतापेशी डोपामाइन हे रसायन सोडते आणि काम झाले, की एक वाहक प्रथिन ते परत आत ओढून घेते. कोकेन या वाहकालाच अडकून बसते. डोपामाइन दोन पेशींमधल्या फटीत साचत राहते आणि पुढच्या पेशीला सतत चेतवत राहते. हे वारंवार झाले, की पेशी बदलू लागते. ‘डेल्टा-फॉस-बी’ नावाचे प्रथिन तिच्यात साचते. ते सहज विघटित होत नाही, नशा उतरल्यावरही कित्येक आठवडे टिकते आणि कोणती जनुके चालू राहतील, यात ढवळाढवळ करते. नशा काही तासांची, फेरफार मात्र मागे राहतो.

१८८६ मध्ये हॉल्स्टेड प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात दाखल झाले. कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन देणे हा तेव्हाचा एक प्रचलित उपाय. आगीतून फुफाट्यात!

तीन ग्रेनची भिंत

पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ते शल्यविभागाचे प्रमुख झाले. शस्त्रक्रियेच्या खोलीतील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा जंतुनाशकाने सोलवटू लागली, म्हणून त्यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. १८९० मध्ये त्यांनी कॅरोलिन यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी सहकारी डॉ. विल्यम ऑस्लर यांनी त्यांना हुडहुडी भरलेल्या अवस्थेत पाहिले आणि गुपित उघड झाले. रोजची मात्रा तीन ग्रेनच्या, म्हणजे साधारण १९५ मिलिग्रॅमच्या खाली आणणे हॉल्स्टेड यांना जमत नव्हते.

त्या थरथरीमागेही रसायनशास्त्र आहे. मॉर्फिन पेशीवरील ‘म्यू’ रिसेप्टरला चिकटते आणि आतले ‘सायक्लिक एएमपी’ हे निरोप्या रेणूचे उत्पादन दाबते. पेशी गप्प बसत नाही. ती हा रेणू बनवणारी यंत्रणाच वाढवते. मग तेवढ्या मॉर्फिनने भागत नाही, मात्रा वाढवावी लागते. एखादी मात्रा चुकली, तर दाब नाहीसा होतो आणि वाढवलेली यंत्रणा मोकाट सुटते. मेंदूच्या बुंध्यातील ‘लोकस सेरुलियस’ या केंद्रातील पेशी वेगाने संदेश पाठवू लागतात. घाम, थंडी, कंप, अस्वस्थता ही त्याची लक्षणे. निश्चय कितीही पक्का असला, तरी ही वाढीव यंत्रणा एका रात्रीत ओसरत नाही.

ऑस्लर यांनी हे सारे लिहून कुलूपबंद ठेवले होते. तो मजकूर १९६९ मध्ये खुला झाला. तोवर बहुतेकांची समजूत अशी होती, की हॉल्स्टेड बाल्टिमोरला आले ते व्यसनमुक्त होऊन. चारच वर्षांनी, १९७३ मध्ये, कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मॉर्फिन जिथे चिकटते तो रिसेप्टर मेंदूत असल्याचे सिद्ध केले, तेही जॉन्स हॉपकिन्समध्येच.