लू गेरिग : २१३० सामन्यांची हजेरी





दरवर्षी स्नेहसंमेलनात आपण शंभर टक्के उपस्थितीचे पारितोषिक देतो. मागील सत्रात या पारितोषिकापायी एक प्रसंग घडला. सहावीतला एक विद्यार्थी तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकून झोपलेला दिसला. बाईंनी कपाळाला हात लावून पाहिला तर अंगात चांगलाच ताप होता. हजेरी मोडेल म्हणून तो सकाळपासून घरी रडत होता, म्हणून आईने नाइलाजाने पाठवले. आम्ही त्याला घरी पोहोचवले, परंतु हजेरीपटावर काय मांडावे हा प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला. त्या दिवसांत आम्ही एका अमेरिकन खेळाडूचे चरित्र वाचत होतो. हजेरीच्या बाबतीत जगात त्याचे नाव निघते. त्या खेळाडूची ओळख या अंकात करून देत आहोत. त्याचे नाव लू गेरिग.

लू हा बेसबॉलपटू. आपले शहर क्रिकेटचे. कर्नल सी. के. नायडू आणि होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा इंदूरला आणला, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. म्हणून बेसबॉलची थोडी माहिती आधी सांगतो. प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू असतात. गोलंदाजासारखा जो चेंडू फेकतो तो पिचर. चेंडू टप्पा न पडता थेट फलंदाजाकडे येतो. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. चेंडू टोलवून चारही ठाणी पार करून आला की एक धाव होते. चेंडू मैदानाबाहेर गेला तर तो होम रन, म्हणजे आपला षटकारच समजा. तीन वेळा चुकला की फलंदाज बाद. शालेय क्रीडास्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ असल्यामुळे आपल्या काही विद्यार्थ्यांना हे नवीन नाही.

लूचा जन्म १९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील जर्मनीहून येऊन तिथे स्थायिक झालेले. चार अपत्यांपैकी हा एकटाच जगला. वडील पत्र्याचे काम करीत, परंतु कधी काम नसे, कधी प्रकृती साथ देत नसे. घर चालायचे ते आई क्रिस्टिना यांच्या कष्टांवर. त्या लोकांकडे स्वयंपाक करीत, कपडे धूत, साफसफाई करीत. घरात भाषा जर्मन होती. लहानग्या लूला आधी तीच येत होती, इंग्रजी नंतर आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर जर्मन नावाच्या माणसांकडे तिकडे संशयाने पाहिले जाई. घरात एक भाषा आणि दाराबाहेर दुसरी, ही गोष्ट आपल्याला समजावून सांगायला नको. आमचे स्वतःचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि मराठी फक्त आईच्या तोंडून शिकलो. म्हणून हा भाग वाचताना आम्हांला तो मुलगा परका वाटला नाही.

शाळेत असताना १९२० साली लूचा संघ शिकागोला एका शाळेविरुद्ध खेळायला गेला. दहा हजारांवर प्रेक्षक होते. सतरा वर्षांच्या या मुलाने शेवटच्या डावात तिन्ही ठाण्यांवर आपले खेळाडू उभे असताना चेंडू थेट मैदानाबाहेर मारला. एका फटक्यात चार धावा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत नाव आले. परंतु आईला खेळाचे कौतुक फारसे नव्हते. मुलाने इंजिनियर व्हावे, ही तिची इच्छा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या एका निवासगृहात त्या स्वयंपाक व घरकाम करीत होत्या. लू तिथे जेवण वाढायला मदत करायचा. पुढे त्याच विद्यापीठात त्याला फुटबॉलच्या बळावर शिष्यवृत्ती मिळाली आणि तो इंजिनियरिंगचा विद्यार्थी झाला. जिथे आई भांडी घासत होती तिथे मुलगा शिकायला गेला.

आता एक चूक सांगायला हवी. मोठ्या माणसांच्या चुका झाकून चरित्र सांगू नये, असे आमचे मत आहे. कॉलेज सुरू होण्याआधी १९२१ च्या उन्हाळ्यात लू पैशांसाठी हार्टफर्ड येथील व्यावसायिक संघाकडून बारा सामने खेळला. पैसे घेऊन खेळणाऱ्याला कॉलेजच्या संघात जागा नसते, हा नियम होता. म्हणून तो लुईस असे खोटे नाव लावून खेळला. खोटे नाव खोलवर पुरले तरी वर येतेच. कॉलेजला हे कळले आणि पहिल्या वर्षी त्याच्यावर खेळण्याची बंदी आली. त्याने ते वर्ष मुकाट्याने बाहेर बसून काढले.

बंदी संपल्यावर १९२२ मध्ये तो फुटबॉल खेळला आणि १९२३ च्या वसंतात कोलंबियाच्या बेसबॉल संघात आला. कॉलेजच्या मैदानावरचा हा त्याचा एकच मोसम. प्रशिक्षक होते अँडी कोकली, जे स्वतः पूर्वी मोठ्या संघांचे पिचर होते. लू कधी चेंडू फेकायचा, कधी पहिल्या ठाण्यावर उभा राहायचा. त्या मोसमात त्याने सात होम रन मारले आणि शंभरात चव्वेचाळीसच्या वर वेळा त्याचा फटका यशस्वी ठरला. बेसबॉलमध्ये शंभरात तीस वेळा जमले तरी उत्तम फलंदाज मानतात, त्यावरून अंदाज करावा.

या मोसमातला १८ एप्रिल १९२३ हा दिवस विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. त्या दिवशी लूने विल्यम्स कॉलेजचे सतरा फलंदाज एकट्याने बाद केले. कोलंबियासाठी तो विक्रम होता. तरीही कोलंबिया सामना हरले. पाहायला प्रेक्षकही मोजकेच होते, कारण त्याच दिवशी त्याच शहरात यँकी स्टेडियम या नव्या भव्य मैदानाचे उद्घाटन होते आणि तिथे बेब रूथ या त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय खेळाडूने होम रन मारला. साऱ्या शहराचे डोळे तिकडे. सर्वोत्तम कामगिरी केली, संघ हरला आणि कोणी पाहिलेही नाही, असा दिवस प्रत्येकाच्या वाट्याला कधीतरी येतो.

परंतु एक माणूस या मुलावर नजर ठेवून होता. यँकीज संघासाठी खेळाडू शोधणारे पॉल क्रिचेल यांनी त्याचे लांबच लांब फटके पाहिले आणि एप्रिल संपण्याच्या आत करार पुढे ठेवला. पंधराशे डॉलर आगाऊ मिळणार होते. घरी आजारपण होते आणि पैशांची निकड होती. लूने दोन वर्षांनंतर शिक्षण सोडले. आईचे इंजिनियरचे स्वप्न तिथेच राहिले. ही गोष्ट वाचून कोणी शिक्षण सोडावे असे आम्ही म्हणणार नाही. गरिबीमुळे जे सोडावे लागते त्याला निवड म्हणता येत नाही. १५ जून १९२३ रोजी तो यँकीजकडून पहिला सामना खेळला. लगेच मोठेपणा आला नाही. पुन्हा हार्टफर्डच्याच छोट्या संघात पाठवले गेले. या वेळी मात्र तो स्वतःच्या नावाने खेळला.

१ जून १९२५ रोजी बदली फलंदाज म्हणून त्याला एक संधी मिळाली. दुसऱ्या दिवशी वॉली पिप या अनुभवी खेळाडूच्या जागी पहिल्या ठाण्यावर उभे केले. त्यानंतर लूने ती जागा सोडली नाही. १ जून १९२५ ते ३० एप्रिल १९३९ या काळात यँकीजचा एकही सामना लूशिवाय झाला नाही. सलग २१३० सामने. पहिली ते दहावी अशी दहा वर्षे, दरवर्षी २१३ दिवस, एकही दिवस न चुकवता शाळेत यावे, तेव्हा ही संख्या होते.

या वर्षांत तो नुसता हजर नव्हता. १९२७ साली बेब रूथने ६० होम रन मारले, तर लूने ४७. त्याच वर्षी आणि पुन्हा १९३६ साली तो सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. ३ जून १९३२ रोजी एकाच सामन्यात चार होम रन मारले, परंतु त्याच दिवशी जॉन मॅग्रॉ हे नामांकित व्यवस्थापक निवृत्त झाले आणि मोठा मथळा त्यांना मिळाला. लूच्या बाबतीत असे वारंवार झाले. त्याने त्याबद्दल तक्रार केल्याचे आमच्या वाचनात आले नाही. एकूण ४९३ होम रन त्याच्या नावावर आहेत.

हा हजेरीचा विक्रम काही वेळा शरीराला न जुमानता टिकवला गेला. १९३४ साली डोक्यावर चेंडू लागून तो बेशुद्ध पडला आणि दुसऱ्याच दिवशी खेळायला उभा राहिला. पुढच्याच महिन्यात कंबर इतकी धरली होती की त्याचे नाव यादीत सर्वांत आधी घातले, त्याने एक फटका मारला आणि तो बाहेर गेला. हजेरी लागली. आम्ही इथे वाचन थांबवले आणि आमच्या सहावीच्या त्या मुलाची आठवण झाली.

१९३८ पासून त्याची शक्ती ओसरू लागली. १९३९ च्या सुरुवातीला आठ सामन्यांत अठ्ठावीस संधींपैकी फक्त चार फटके जमले. साधे चेंडू अडवताना तो धडपडू लागला. संघातले सहकारी साध्या खेळासाठीही त्याची पाठ थोपटू लागले, तेव्हा ते त्याच्या लक्षात आले. व्यवस्थापक जो मॅकार्थी त्याला स्वतःहून काढणार नव्हते. प्रेक्षकांनीही काढा म्हटले नव्हते. २ मे १९३९ रोजी डेट्रॉइटला लू मॅकार्थींकडे गेला आणि संघाच्या भल्यासाठी आज मला खेळवू नका असे त्याने सांगितले. कर्णधार या नात्याने स्वतःचे नाव नसलेली यादी त्यानेच पंचांच्या हाती दिली. परक्या शहराच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी यँकीज २२ विरुद्ध २ असे जिंकले.

जून महिन्यात मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. छत्तिसाव्या वाढदिवशीच निदान हाती आले. स्नायूंना चालवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होतात, शरीर लुळे पडत जाते, परंतु बुद्धी बहुधा शाबूत राहते, असा तो आजार. वैज्ञानिक स्टीफन हॉकिंग यांना झालेला हाच. अमेरिकेत आजही लोक त्याला लू गेरिगचा आजार म्हणतात. त्यावर पूर्ण बरे करणारा उपाय अजून नाही.

४ जुलै १९३९ रोजी यँकी स्टेडियममध्ये एकसष्ट हजारांवर लोक त्याला निरोप द्यायला जमले. सोळा वर्षांपूर्वी याच मैदानाच्या उद्घाटनामुळे त्याचा कॉलेजचा सामना कोणी पाहिला नव्हता. बोलण्याची त्याला हिंमत होत नव्हती. शेवटी तो बोलला, ते अगदी थोडे. दुःखाचा हिशेब त्याने मांडला नाही. सहकारी, प्रशिक्षक, पत्नी एलिनॉर यांचे आभार मानले. मला शिकता यावे म्हणून आईवडिलांनी जन्मभर कष्ट केले, हेही सांगितले आणि स्वतःला भाग्यवान म्हणवून घेतले. त्याचा ४ हा क्रमांक पुन्हा कोणाला दिला गेला नाही. मोठ्या बेसबॉलमध्ये असा मान मिळालेला तो पहिलाच खेळाडू.

त्यानंतरही तो घरी बसला नाही. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी त्याला कैद्यांच्या सशर्त सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळावर नेमले. हातात लेखणी धरवेना तरी तो काम करीत राहिला. आजार वाढल्यावर पद सोडले आणि २ जून १९४१ रोजी सदतिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. आईवडील त्याच्या मागे जिवंत होते. इतके वाचल्यावर आम्ही पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवले. त्याचा विक्रम ६ सप्टेंबर १९९५ रोजी कॅल रिपकेन ज्युनियर याने मोडला.

आता पुन्हा आपल्या पारितोषिकाकडे. नियमितपणाचे महत्त्व कमी व्हावे असे आम्हांला मुळीच वाटत नाही. सलग २१३० वेळा वेळेवर हजर राहणे ही तपश्चर्याच आहे. परंतु लूच्या आयुष्यात आम्हांला सर्वांत मोठा दिवस २ मेचा वाटतो. त्या दिवशी त्याने हजेरीपेक्षा संघ मोठा मानला आणि कोणी न सांगता बाजूला झाला. तापात शाळेत आलेला मुलगा स्वतःचेही नुकसान करतो आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राचेही.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, पालकांच्या चिठ्ठीसह घेतलेली आजारपणाची रजा या पारितोषिकासाठी गैरहजेरी धरू नये. येत्या सभेत हा विषय ठेवत आहोत. पालकांनी आपले मत लेखी कळवावे. सहावीच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही त्या दिवशी हजरच मांडले होते. तो अर्धा दिवस खरा होता, असे समजून सर्वांनी आम्हांला सांभाळून घ्यावे.

आपले,
प्राचार्य