पाद्री गॉर्डन हॉल : अल्प आयुष्य आणि सनातन देव

गवताचे आयुष्य किती, हे शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. श्रावणात जे माळरान हिरवेगार दिसते, तेच माघात पिवळे पडते आणि चैत्रात तेथे धूळ उडते. मोशेच्या नावाने असलेल्या नव्वदाव्या स्तोत्रात मनुष्याच्या आयुष्यास हीच उपमा दिली आहे. आणि त्याच स्तोत्रात, डोंगर उत्पन्न होण्यापूर्वीही जो होता त्या देवाची थोरवी गाइली आहे. ह्या दोन्ही गोष्टी एका मनुष्याच्या चरित्रात कशा एकत्र आल्या, ते आज पाहू.

गॉर्डन हॉल यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात झाला. विल्यम्स कॉलेजातील शिक्षण १८०८ साली संपवून ते उपदेशकाच्या कामास योग्य झाले. कनेक्टिकट प्रांतातील एका मंडळीने त्यांना आपला पाळक होण्याविषयी आग्रह केला. तेथे घर, मान आणि आप्तांचा सहवास ही सर्व मिळाली असती. परंतु सुवार्ता जेथे पोहोचली नाही तेथे जाण्याचा त्यांचा निश्चय ढळला नाही. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम शहरी चार सोबत्यांसह त्यांची दीक्षा झाली आणि त्याच महिन्यात ते जहाजाने हिंदुस्थानास निघाले.

त्यांच्या मंडळीत हॅरिएट न्यूएल नावाची एक तरुण बाई होती. ती आपले पती सॅम्युएल न्यूएल यांच्याबरोबर दुसऱ्या जहाजाने आली. कलकत्त्यास कंपनी सरकारने ह्या सर्वांस परत जाण्याचा हुकूम केला, तेव्हा ती दोघे मॉरिशस बेटाकडे वळली. वाटेत तिचे तान्हे मूल समुद्रावरच मरण पावले. आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी तिनेही त्या बेटावर देह ठेवला. ज्या कामासाठी तिने घरदार सोडले, त्याचा एक दिवसही तिच्या वाट्यास आला नाही.

हॉल साहेब आणि त्यांचे सोबती नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले. तेथेही हद्दपारीचा हुकूम त्यांच्या पाठीस लागला. त्या वेळी इंग्लंड व अमेरिका यांमध्ये युद्ध चालू असल्यामुळे अमेरिकन मनुष्याविषयी संशय अधिकच होता. एकदा ते किनाऱ्याच्या गलबतातून कोचीनपर्यंत गेले, पण तेथून त्यांना परत आणण्यात आले. तथापि हॉल साहेबांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांस नम्र परंतु निर्भयपणे विनंत्या लिहिल्या. अखेरीस त्यांना राहण्याची मोकळीक मिळाली.

मग खरे काम सुरू झाले. ते मराठी शिकले. रस्त्यांत, बाजारांत व देवळांच्या आवारांत लोकांशी बोलू लागले. मुलांसाठी शाळा निघाल्या, आणि १८२४ साली मुंबईत मुलींची शाळाही निघाली. १८१६ साली मिशनचा छापखाना आला. न्यूएल साहेब मुंबईस येऊन त्यांना मिळाले होते; पण १८२१ साली पटकीने त्यांचाही अंत झाला. हॉल साहेबांनी मुंबईतच मार्गारेट लुइस ह्या बाईंशी विवाह केला होता. १८२५ साली ती आपल्या दोन मुलांस घेऊन अमेरिकेस निघाली. त्यांतील थोरला मुलगा प्रवासातच वारला. हॉल साहेब मात्र कामापाशी एकटे राहिले.

तेरा वर्षांच्या श्रमांचे फळ काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर उत्तर देणे कठीण गेले असते. बाप्तिस्मा घेतलेले लोक फारच थोडे होते. शाळांतील मुले अक्षरे शिकत आणि निघून जात. ऐकणारे ऐकत, हसत, आणि आपल्या वाटेने जात. तरी हॉल साहेब मराठी नव्या कराराच्या भाषांतराचे काम सोडीत नव्हते.

मार्च १८२६ मध्ये ते दोन ख्रिस्ती मुलांस सोबतीला घेऊन पुस्तके व औषधे वाटीत नाशिकास गेले. तेथे पटकीचा कहर चालला होता. त्यांनी जवळचे औषध रोग्यांस देता देता जवळजवळ संपविले आणि मग मुंबईची वाट धरली. वाटेतील एका खेड्यात रात्री ते देवळाच्या ओसरीवर उतरले. पहाटे पुढे निघण्यास उठले, तोच त्या रोगाने त्यांनाच गाठले. स्वतःसाठी औषध फारसे उरलेच नव्हते. आपला अंत जवळ आला हे त्यांनी ओळखले, सोबतच्या मुलांस समजावून सांगितले, भोवती जमलेल्या लोकांस बोध केला, आणि देवाचे गौरव करीत प्राण सोडला. तो दिवस २० मार्च १८२६. बेचाळीस वर्षे पुरी होण्यास तीन आठवडेही उरले नव्हते. पेटी नाही, पाळक नाही, आप्त नाही. त्यांचा देह कांबळ्यात गुंडाळून परक्या मातीत पुरण्यात आला.

वाचकहो, कथा येथेच संपली असती, तर मनुष्याचे आयुष्य म्हणजे केवळ वाफ, असे म्हणून आपण उसासा टाकला असता. परंतु ज्या वर्षी हॉल साहेब मातीस मिळाले, त्याच वर्षी तो मराठी नवा करार छापून पुरा झाला. १८३१ साली त्याच मिशनने अहमदनगरास ठाणे घातले, आणि तेथून भोवतालच्या गावोगावी मंडळ्या उभ्या राहिल्या. १८९५ साली नारायण वामन टिळक ह्याच मिशनमध्ये बाप्तिस्मा घेऊन आले, आणि त्यांची गीते खेड्यापाड्यांत गाइली जाऊ लागली. पेरणारा एक, पाणी घालणारा दुसरा, कापणारा तिसरा. पण शेताचा धनी एकच, आणि तो मरत नाही.

हे ध्यानात धरल्यास आपणांस आयुष्याच्या अल्पपणाचे भय राहत नाही. मात्र आजचा दिवस वाया घालविण्याचे भय राहते. गावातील शाळेत चार मुले बसली, प्रार्थनेस तीन माणसे आली, एखाद्या रोग्याच्या उशाशी रात्र काढली आणि तो वाचला नाही, अशा वेळी उपदेशकाचे मन खचते. आपल्या हातून काय झाले, असा प्रश्न त्यास पडतो. त्याने त्या ओसरीची आठवण करावी. आपल्याला फळ पाहावयास मिळेल असे वचन नाही. पण ज्याच्या हाती आपण काम देतो, त्याचे हात कधी थकत नाहीत व त्याची वर्षे कधी सरत नाहीत.

म्हणून आपले दिवस मोजण्याची बुद्धी आपण त्याच्यापाशी मागू या. आज दिव्याच्या उजेडात एखाद्या लेकरास एक अक्षर शिकवावयाचे असेल, एखाद्या शेजाऱ्याशी समेट करावयाचा असेल, तर तो उद्यावर टाकू नये. उद्या आपला नाही. जो सनातन आहे त्याचाच तो आहे, आणि त्याच्या हाती तो सुरक्षित आहे.