उषा मेहता

जळगावच्या पिंप्राळ्यातील एखादा हौशी मुलगा आज संगणकाला बोटाएवढे उपकरण जोडतो, गच्चीवर तार ताणतो आणि दूरदूरच्या नभोवाणी-लहरी टिपीत बसतो. पूर्वी तारेची वेटोळी जे काम करीत, त्यातील बरेचसे आता संगणकाची आज्ञावली करते. मुलांनो, अशाच लहरींसाठी एके काळी मुंबईतील एका तरुणीने कारावास पत्करला. तिचे नाव उषा मेहता.

उषाताईंचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळील सरस या गावी झाला. वडील इंग्रजी अमदानीत न्यायाधीश होते. तरीही वयाच्या आठव्या वर्षी ही बालिका सायमन आयोगाच्या निषेधार्थ निघालेल्या मिरवणुकीत सामील झाली. पुढे हे कुटुंब मुंबईस आले. १९३९ साली विल्सन महाविद्यालयातून पदवी घेऊन उषाताई कायद्याचा अभ्यास करू लागल्या.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘चले जाव’चा ठराव संमत झाला. दुसऱ्याच दिवशी गांधीजी व इतर पुढारी तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. खरी वार्ता लोकांस कळेना. तेव्हा उषाताईंनी अभ्यास सोडला आणि सहकाऱ्यांसह एक गुप्त नभोवाणी केंद्र उभारण्याचे ठरविले.

हे काम सोपे नव्हते. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी नभोवाणी-चालकांना आपापली प्रक्षेपण-यंत्रे जमा करण्याचा हुकूम दिला होता. परंतु डोक्यातील विद्या कोणास जमा करून घेता येते? नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या जाणकारांनी यंत्र जुळविले आणि सुमारे ४२ मीटर लांबीच्या लहरीवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. राममनोहर लोहिया यांचीही भाषणे त्यावरून होत. जमशेदपूरचा संप, विदर्भातील चिमूर व आष्टी येथील अत्याचार यांच्या दडपलेल्या वार्ता लोकांच्या कानी पडू लागल्या.

नभोवाणीची लहर चहूकडे पसरते. ती जशी श्रोत्यांस सापडते, तशीच शोध घेणाऱ्यांसही सापडते. ती कोणत्या दिशेने येते, हे यंत्राने ताडता येते. म्हणून उषाताई व त्यांचे सहकारी सारखी जागा बदलीत. एका घरात फार दिवस राहणे धोक्याचे होते. पण बोलणे थांबविणे त्यांस मान्य नव्हते. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेख वाडीत पोलिसांनी त्यांना पकडले.

त्यानंतर कित्येक महिने चौकशी चालली. साथीदारांची नावे सांगितल्यास परदेशी शिक्षणास पाठवू, असे आमिषही दाखविण्यात आले. उषाताईंनी तोंड उघडले नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली, पण निश्चय ढळला नाही. १९४६ साली त्या मुक्त झाल्या.

पुढे त्यांनी गांधीजींच्या विचारांवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली व विल्सन महाविद्यालयातच अनेक वर्षे अध्यापन केले. १९९८ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.

ज्यांनी देशाचा आवाज घरोघरी पोहोचविला, त्या उषाताई पोलिसांपुढे मात्र अबोल राहिल्या. केव्हा बोलावे आणि केव्हा मौन पाळावे, हे त्यांनी जाणले होते.