शेजाऱ्याला सावध करणारे प्रथिन

फ्लूमध्ये अंग मोडून येते, डोके ठणकते, तेव्हा आपण विषाणूच्या नावाने बोटे मोडतो. पण त्या दुखण्याचा बराचसा भाग आपल्याच शरीराने धाडलेल्या निरोपांमुळे असतो. त्यातला एक महत्त्वाचा निरोप्या म्हणजे इंटरफेरॉन. तो शोधून काढणाऱ्या अ‍ॅलिक आयझॅक्स यांच्याविषयी मला आज सांगायचे आहे.

आयझॅक्स यांचा जन्म १९२१ साली ग्लासगो येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तिथेच वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते संशोधनाकडे वळले. ऑस्ट्रेलियात बर्नेट यांच्या हाताखाली काम केल्यावर ते लंडनच्या मिल हिल येथील संशोधन संस्थेत स्थिरावले आणि फ्लूवर नजर ठेवणाऱ्या जागतिक केंद्राचे प्रमुख झाले.

एका विषाणूने पछाडलेल्या पेशीत दुसरा विषाणू अनेकदा वाढत नाही, हे तेव्हा ठाऊक होते. कारण उमगत नव्हते. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडहून आलेल्या लिंडेनमान यांच्यासह त्यांनी या कोड्याला हात घातला. कोंबडीच्या अंड्यातील पडद्याच्या तुकड्यांवर त्यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू सोडला. मग तुकडे काढून उरलेला द्रव ताज्या तुकड्यांवर घातला. त्यांत जिवंत विषाणूही नीट वाढेना! म्हणजे पेशींनीच द्रवात काहीतरी सोडले होते. १९५७ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला.

आळीतल्या एका घरात चोर शिरला, की त्या घरातली माणसे ओरडून शेजाऱ्यांना जागे करतात, तसेच हे आहे. बाधित पेशी इंटरफेरॉन सोडते. शेजारच्या पेशी ते ओळखून विषाणूची वाढ रोखणारी प्रथिने तयार करतात. संरक्षक पेशींनाही वर्दी मिळते.

पण हे द्रव्य इतके अल्प मिळे, की ते शुद्ध करता येईना. वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले, तर अनेक शास्त्रज्ञांनी त्याच्या अस्तित्वावरच शंका घेतली, थट्टाही केली. आयझॅक्स यांना नैराश्याने ग्रासले. १९६४ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला. १९६६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि जानेवारी १९६७ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. मला याचीच हळहळ वाटते.

१९८० मध्ये इंटरफेरॉनचे जनुक जिवाणूत घालून ते बनवता येऊ लागले. १९८६ मध्ये अमेरिकेत एका दुर्मीळ रक्तकर्करोगावर त्याला मान्यता मिळाली. पुढे काविळीच्या ब आणि क प्रकारांवरही ते वापरले गेले. २०२० मध्ये तर असे आढळले, की कोविडने अत्यवस्थ झालेल्या सुमारे १० टक्के रुग्णांच्या शरीरात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिद्रव्ये होती. हाक देणाऱ्याचाच गळा दाबला गेला होता! आयझॅक्स यांच्या शोधाची याहून मोठी साक्ष कोणती? ती ऐकायला मात्र ते नव्हते.