पत्नी गेली, मूलबाळ नव्हतं... दोराबजी टाटांनी मरणाच्या तीन महिने आधी सगळी संपत्ती ट्रस्टच्या नावे केली

१९३१ साल. जमशेदजींचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा सत्तरी ओलांडलेले. जूनमध्ये पत्नी मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. धाकटे भाऊ रतनजी १९१८ मध्येच वारले होते. मग टाटा सन्सचे शेअर्स, जमीनजुमला, दागदागिने हे सगळं कुणाच्या हाती सोपवायचं?

या माणसाने संपत्ती नुसती सांभाळली नव्हती, कमावलीही होती. वडिलांचं पोलादाचं आणि वीजनिर्मितीचं स्वप्न त्यांनीच प्रत्यक्षात आणलं. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्यावर पोरांना धावताना पाहिलं आणि १९२० च्या ॲन्टवर्प ऑलिम्पिकला भारताचा संघ पाठवायला पुढाकार घेतला. १९२४ मध्ये टाटा स्टील बुडायला आली, तेव्हा बायकोच्या २४५ कॅरेटच्या ज्युबिली हिऱ्यासह खासगी मालमत्ता गहाण टाकून इम्पीरियल बँकेकडून एक कोटीचं कर्ज उभं केलं. कंपनी तरली.

आता त्यांच्यापुढे रस्ते कोणते होते?

पहिला रस्ता खासगी ट्रस्टचा. यात ठराविक नातेवाईक लाभार्थी असतात. घरात लहान मुलं किंवा आजारी माणूस असेल तर हा प्रकार सोयीचा. पण असा ट्रस्ट पिढ्यान्‌पिढ्या चालवता येत नाही, कायद्यानेच त्याला मुदतीची मर्यादा घातली आहे. धर्मादाय ट्रस्टला ती अट नाही, तो कायम चालू शकतो.

दुसरा रस्ता मृत्युपत्रातून ट्रस्ट करण्याचा. रतनजींचा ट्रस्ट असाच त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये उभा राहिला. यात हयातभर संपत्ती आपल्याच ताब्यात राहते, हवं तेव्हा मृत्युपत्र बदलता येतं. पण सगळी अंमलबजावणी मागे राहिलेल्यांवर येते.

दोराबजींनी तिसरा रस्ता धरला. हयातीतच धर्मादाय ट्रस्ट. ११ मार्च १९३२ रोजी त्यांनी आपली संपत्ती ट्रस्टच्या नावे केली. त्यात मेहेरबाईंचे दागिने होते, तो ज्युबिली हिरा होता, अगदी स्वतःची मोत्याची टाय-पिनसुद्धा होती.

खरी हुशारी पुढे आहे. त्यांनी एक नाही, दोन ट्रस्ट केले. एप्रिलमध्ये पत्नीच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला. त्याचा हेतू नेमका, रक्ताच्या आजारांवर संशोधन. मोठ्या ट्रस्टचा हेतू मात्र मुद्दाम मोकळा ठेवला. शिक्षण, संशोधन, संकटात मदत आणि इतर धर्मादाय कामं. जागा, देश, धर्म असा कसलाही भेद नाही.

हेतू अरुंद ठेवला की पैसा दुसरीकडे वळत नाही. पण काळ बदलला तर विश्वस्तांचे हात बांधले जातात. हेतू मोकळा ठेवला तर विश्वस्त भरवशाचे लागतात. दोराबजींनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ट्रस्टमध्ये साधल्या.

३ जून १९३२ ला जर्मनीत बाड किसिंगेन इथे त्यांचं निधन झालं. पत्नीच्या समाधीचं दर्शन घ्यायला ते इंग्लंडला निघाले होते. मुख्य ट्रस्ट होऊन तीन महिनेही झाले नव्हते. इंग्लंडमधल्या ब्रुकवूडच्या दफनभूमीत मेहेरबाईंशेजारीच त्यांना ठेवण्यात आलं.

त्या मोकळ्या हेतूमुळेच ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये आजचं टिस, १९४१ मध्ये परळचं टाटा हॉस्पिटल आणि १९४५ मध्ये टीआयएफआर उभं राहिलं. टीआयएफआरचा प्रस्ताव घेऊन आले होते होमी भाभा, मेहेरबाईंचे भाचे. पण पैसा भाच्याला मिळाला नाही, संस्थेला मिळाला.

आजही टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर्स टाटांच्या ट्रस्टकडे आहेत.

आपल्याकडे टाटांएवढी माया नसेल. पण ट्रस्ट करायचा तर प्रश्न तेच राहतात. लाभ कुणाला, हयातीत की नंतर, हेतू किती मोकळा आणि विश्वस्त कोण? ही उत्तरं आधी कागदावर मांडा, मगच वकिलाकडे जा.