कॉफीवरचा फेस आणि आकिल्ले गाज्जा

चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण येते, तुरुंग येतो, नाहीतर एखादी प्रयोगशाळा येते. हॉटेलच्या गल्ल्यामागे उभे राहून ज्याने आयुष्य काढले, त्याचे चरित्र आपल्याला शाळेत कोणी शिकवत नाही. मिलान शहरातील आकिल्ले गाज्जा या कॉफीवाल्याचे नाव गेल्या वर्षापर्यंत मीही ऐकले नव्हते. आमच्या घरी दोन वेळा चहा होतो. कॉफी होते ती कोणाचे डोके दुखले किंवा शहरातला पाहुणा आला तरच.

गाज्जांची ओळख मला झाली ती माझ्या दादामुळे. दादा बारावीनंतर पुण्याला गेला आणि तेथे कॉफीच्या एका दुकानात यंत्रावर काम करू लागला. गेल्या उन्हाळ्यात तो जयसिंगपूरला परतला. पुढेमागे येथेच लहानसे दुकान काढावे असे त्याच्या मनात आहे. तोवर हात मोडू नये म्हणून घरी वापरायचे एक एस्प्रेसो यंत्र घ्यायचे त्याने ठरवले. चार-पाच यंत्रांची इंग्रजी माहितीपत्रके त्याने माझ्यापुढे टाकली आणि त्यातले कोणते घ्यावे ते मी वाचून सांगावे असे म्हणाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कॉलेजात जाणाऱ्याला सगळे कळते, असा आमच्या घरच्यांचा समज आहे. तो मोडायचे धैर्य मला झाले नाही. शिवाय त्यात दादाची दीड वर्षाची बचत जाणार होती. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. यंत्र समजेना, म्हणून मी यंत्रामागचा माणूस शोधू लागले.

एस्प्रेसोचा इतिहास गाज्जांच्या आधीपासून सुरू होतो. १८८४ साली तुरीन येथील आंजेलो मोरियोंदो यांनी वाफेच्या साहाय्याने भराभर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझ्झेरा यांनी त्यात मोठी सुधारणा केली. एका वेळी एकेका गिऱ्हाइकापुरती कॉफी दांड्याच्या चाळणीत भरून यंत्राला अडकवायची, ही पद्धत तेव्हापासूनची. पुढे देझिदेरियो पावोनी यांनी बेझ्झेरांचे हक्क विकत घेऊन ही यंत्रे बाजारात आणली. १९०६ च्या मिलान प्रदर्शनात लोकांनी ती पाहिली. उभे पितळी पिंप, वर घुमट आणि चहूबाजूंनी वाफ असे त्यांचे रूप होते.

परंतु या यंत्रांत एक उणीव होती. पाणी ढकलण्याचे काम वाफ करी. वाफेचा दाब जेमतेम दीड-दोन वातावरणाइतका असे आणि तो वाढवायचा तर उष्णताही वाढे. उकळत्या पाण्याने आणि वाफेने कॉफीची पूड पोळून निघे. पेला लवकर भरे, पण चव करपट आणि कडू लागे. सगळीकडे तीच चव असल्यामुळे कॉफी अशीच असते असे लोकांनी धरून चालले होते.

आकिल्ले गाज्जा यांचा जन्म १८९५ साली मिलानमध्ये झाला. घरचे कॉफीचे दुकान होते आणि त्या दुकानातच ते वाढले. वर्षानुवर्षे गल्ल्यामागे उभे राहिल्यावर माणसाला जे कळते ते पुस्तकात सापडत नसावे. कोणते गिऱ्हाईक पेला अर्धा टाकून उठते, कोण साखर जास्त मागते, हे त्यांनी रोज पाहिले होते. करपट चव हा कॉफीचा दोष नसून वाफेचा आहे, या निष्कर्षाला ते आले. वाफ टाळून नुसत्या गरम पाण्याला दाब द्यायचा कसा, हा प्रश्न त्यांना पडला.

ही कल्पना सर्वस्वी त्यांची एकट्याची नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. क्रेमोनेसे नावाच्या एका तंत्रज्ञाने या दिशेने काम केले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीकडून गाज्जांनी ते हक्क घेतले. ५ सप्टेंबर १९३८ रोजी वाफेविना चालणाऱ्या आपल्या यंत्राच्या पेटंटसाठी त्यांनी अर्ज केला. जुन्या यंत्रालाच जोडायचे ते एक उपकरण होते. दांडा फिरवला की स्क्रूप्रमाणे दट्ट्या खाली उतरे आणि गरम पाणी पुडीतून दाबून काढी. प्रथम त्यांनी ते स्वतःच्या दुकानात बसवले. यंत्र करणारा आणि त्यावर कॉफी विकणारा एकच असल्यामुळे चूक झाली तर ती लगेच समोरच्या पेल्यात दिसे.

एवढ्यात दुसरे महायुद्ध आले. इटलीला कॉफी मिळेनाशी झाली, मिलानवर बॉम्ब पडले आणि नव्या यंत्राचा विचार मागे पडला. गाज्जा तेव्हा पंचेचाळिशीच्या घरात होते. एखाद्याने येथेच नाद सोडला असता. गाज्जांनी तो सोडला नाही. १९४७ साली त्यांनी दुसरे पेटंट घेतले आणि १९४८ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी सुरू केली. या वेळी स्क्रूच्या जागी त्यांनी स्प्रिंग आणि लांब दांडा बसवला. दांडा खाली ओढला की स्प्रिंग आवळली जाई आणि पुडीवर गरम पाणी उतरे. दांडा सोडला की स्प्रिंग मोकळी होता होता दट्ट्याला रेटी. आठ ते दहा वातावरणांचा दाब त्यातून मिळे. वाफेच्या यंत्राच्या पाचपट म्हणावा इतका तो होता.

या दाबामुळे पेल्यात एक नवीनच गोष्ट दिसू लागली. कॉफीतले तेल आणि वायू एकत्र येऊन वर तांबूस फेसाचा थर जमू लागला. असा फेस लोकांनी पूर्वी पाहिला नव्हता. कॉफीवर हे काय तरंगते आहे, म्हणून गिऱ्हाइके शंका घेऊ लागली. गाज्जांनी तो फेस चमच्याने काढून टाकला नाही. ही कॉफीची नैसर्गिक साय आहे, असे त्यांनी जाहीर केले आणि मालात ते नावच रूढ केले. ज्या गोष्टीला लोक खोट समजत होते तीच पुढे चांगल्या एस्प्रेसोची खूण ठरली. माझ्या मते गाज्जांच्या आयुष्यातील खरा कसोटीचा क्षण हाच होय. यंत्र बनवायला बुद्धी लागली असेल, पण नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकापुढे तोच पेला पुन्हा ठेवायला छाती लागली असणार.

सुरुवातीला यंत्रे बनवण्याच्या कामी एर्नेस्तो वालेन्ते यांच्या फाएमा कारखान्याचे सहकार्य त्यांना मिळाले. परंतु दोघांचे विचार जुळले नाहीत. आपले यंत्र निवडक चांगल्या दुकानांत असावे असे गाज्जांना वाटे. वालेन्ते यांना ते स्वस्त करून घाऊक प्रमाणात विकायचे होते. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आपल्याला गाज्जांची बाजू घ्यावीशी वाटते, पण वालेन्तेही चुकीचे नव्हते. यंत्रे स्वस्त झाली नसती तर साध्या माणसापर्यंत ही कॉफी पोचली नसती.

घरगुती वापराचा विचार मात्र गाज्जांनीही केला होता. १९५२ साली त्यांच्या कंपनीने गिल्डा नावाचे छोटे, हाताने चालवायचे घरगुती यंत्र काढले. त्याच सुमारास त्यांची मोठी यंत्रे देशाबाहेर गेली. १९५३ मध्ये लंडनच्या सोहो भागात मोका बार उघडला तो त्यांच्या यंत्रावरच. १९६१ साली गाज्जांचे निधन झाले. त्याच वर्षी फाएमाने आपले प्रसिद्ध यंत्र आणले. त्यात दाब देण्याचे काम विजेचा पंप करू लागला. गाज्जांच्या कंपनीनेही १९७७ मध्ये पंपावर चालणारे छोटे घरगुती यंत्र काढले. आज ज्यांना सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात ती घरगुती यंत्रे याच कुळातली.

एवढे वाचून झाल्यावर मी पुन्हा ती माहितीपत्रके घेऊन बसले, आणि आता ती मला वाचता येऊ लागली. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, हे आमच्या आप्पांना एका वाक्यात कळले. आप्पा इचलकरंजीला मागावर आहेत. साध्या पॉवरलूमवर धोट्यातली कांडी संपली की कामगाराला माग थांबवून नवी घालावी लागते. ऑटोलूमवर ती आपोआप बदलते. तसेच हे. पाणी तापवणे आणि दाब देणे हे यंत्राचे काम. पूड दळणे, मोजणे, दाबून बसवणे आणि नेमक्या वेळी बंद करणे हे माणसाचे. पूर्ण स्वयंचलित यंत्र हे सगळेच करते. पण मग दादाचा हात कशासाठी? त्याला तर हातच राखायचा होता. म्हणून ती यंत्रे आम्ही बाजूला ठेवली.

एका माहितीपत्रकावर पंधरा बार आणि दुसऱ्यावर वीस बार असे ठळक छापले होते. वीसचे चांगले, असे आम्हाला प्रथम वाटले. पण तो आकडा पंपाच्या जास्तीत जास्त ताकदीचा असतो. पुडीवर लागतात ते सुमारे नऊच बार, म्हणजे गाज्जांच्या स्प्रिंगने दिला तेवढाच दाब. दुसरी गोष्ट चाळणीची. काही स्वस्त यंत्रांत दुहेरी बुडाची चाळणी असते. तिच्या बारीकशा छिद्रातून कॉफी जोराने बाहेर पडते आणि पूड कशीही असली तरी फेस येतो. गाज्जांचा फेस पुडीतून येत होता. हा छिद्रातून येतो. शिकणाऱ्याची चूक असा फेस झाकून टाकतो. म्हणून साधी, एकेरी चाळणी बसणारे यंत्र पाहायचे ठरले.

तिसरी गोष्ट दादाला ठाऊक होती, मला नव्हती. सगळे पैसे यंत्रात घालून चालत नाही, चांगली चक्कीही हवी. अठरा ग्रॅम पुडीतून सुमारे छत्तीस ग्रॅम कॉफी पंचवीस ते तीस सेकंदांत उतरावी, असा साधारण हिशेब आहे. पूड जाड झाली तर पाणी धो धो निघून जाते आणि कॉफी आंबट लागते. फार बारीक झाली तर थेंब थेंब गळते आणि कडू होते. हे जमवणे चक्कीच्या हातात आहे. त्याखेरीज रबरी वायसर येथे मिळतो का आणि आमच्या बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साचला तर तो काढता येतो का, हेही पाहिले. शेवटी कमी बटणांचे, मजबूत दांड्याचे एक यंत्र आणि हाताने फिरवायची चक्की असा बेत ठरला. माहितीपत्रकातले सर्वांत देखणे यंत्र मागे राहिले.

यंत्र आले तेव्हा पहिले आठ-दहा दिवस कॉफी कधी आंबट, कधी कडू निघाली. आईने दर वेळी वाया गेलेल्या पुडीचे पैसे मोजले. दादा मात्र वहीत रोजचे वजन आणि सेकंद लिहीत राहिला. मग एका रात्री पाळीवरून आलेल्या आप्पांपुढे त्याने पेला ठेवला. आप्पांनी त्यावरचा तांबूस थर पाहिला आणि हे वर काय आले आहे, असे विचारले. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी मिलानच्या गिऱ्हाइकांना हीच शंका आली होती. दादा काही बोलायच्या आत, ती कॉफीची साय आहे, असे मी सांगून टाकले. आप्पांनी पेला संपवला. चहाची सर याला नाही असे ते म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर त्यांनी स्वतःहून पेला मागितला.